पुराच्या सिनेमाची कॅसेट आणि इतर मालमत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी सिनेमा थिएटरात प्रोजेक्टर चालवण्याचा, सध्या काही नाही, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी भरीला न घालता आणि कोणाचं ऐकूनही न घेता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीचा दाखला कोणी मागितला नाही, पण ती किती चांगली आहे हे पुढे दिसेलच. सर्वांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर घेतले आहेत. इथे मी माणसांना घरात जे म्हणतो तेच म्हणणार आहे.

येत्या बुधवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. काळजीचं काही कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याच दमात घरी कोण कोण असतं ते विचारलं. म्हणून हा खटाटोप. वकीलबाईंनी मला एक छापील नमुना दिला होता, त्यात फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या. तो मी परत केला. त्यात प्रत्येक कलमापुढे "प्रेमापोटी देत आहे" असं आधीच छापलेलं होतं, आणि मला ते प्रत्येक ठिकाणी म्हणायचं नाही.

हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र आहे. याआधी तोंडी कोणाला काही म्हणालो असेन, "हे तुलाच देऊन जाईन बघ" वगैरे, तर ते रद्द समजावं. माझ्या धाकट्या भावाला जे जे म्हणालो असेन ते खास करून रद्द समजावं.

कलम १. राहतं घर दुमजली आहे. वरचा मजला वडिलांनीच धाकट्याच्या नावे करून दिला होता, त्याचा या कागदाशी संबंध नाही. खालचा मजला, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि जिन्याखालची जागा, तसंच गच्चीवरच्या सामाईक खोलीतला माझा निम्मा हिस्सा, हे सर्व मी माझ्या पुतणीला, धाकट्याच्या मुलीला, कायम मालकी हक्काने देतो. पाच वर्षांची असल्यापासून ती माझ्या खोलीत सिनेमा बघायला येते आणि शेवट काय होणार हे तिने आजवर एकदाही विचारलेलं नाही. ती आता दातांची डॉक्टर आहे. पुढच्या खोलीत तिने दवाखाना काढला तरी माझी हरकत नाही. त्या खोलीत माणसांनी तोंड उघडं टाकून बसण्याची पद्धत जुनीच आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते तिलाच.

कलम ३. सोळा मिलिमीटरचा छोटा प्रोजेक्टर, रीळ उलटं गुंडाळायचं यंत्र, तुटलेली फीत जोडायचं यंत्र आणि दोन भिंगं हे सर्व मी वायरमनला आधीच देऊन टाकलं आहे, इथे फक्त नोंद; कारण कलम ९ मध्ये कळेल. वायरमन म्हणजे आमच्या थिएटरचा वायरमन. एकतीस वर्षं आम्ही एकाच केबिनमध्ये घाम गाळला. थिएटर बंद झालं तेव्हा मालकाच्या मुलाने मोठा प्रोजेक्टर वजनावर विकला आणि पडदा कापून ट्रकवर ताडपत्री म्हणून टाकला. तो ट्रक मी स्वतः रस्त्यात पाहिला आहे. वायरमन त्या दिवशी माझ्याबरोबर होता आणि त्याने ट्रक ड्रायव्हरला थांबवून त्याला काय वाटेल ते ऐकवलं. बिचाऱ्या ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, पण मला बरं वाटलं. वायरमनकडे माझा लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आहे, तो त्याने ठेवून घ्यावा. "कधी नेला मी?" हे मात्र आता पुरे.

कलम ४. त्रेसष्ट रिळं आहेत. फिती सांभाळायला थंड खोली आहे अशा एखाद्या संस्थेला ती द्यावीत. कोणत्या संस्थेला, हे पुतणीने आणि वायरमनने ठरवावं. थिएटर मालकाच्या मुलाने मागितली तर देऊ नयेत. त्याला काहीही देऊ नये, माझ्या मयताला आला तर चहासुद्धा.

कलम ५. माझी भावजय, धाकट्याची बायको, हिला स्वयंपाकघरातलं सगळं सामान, शिवाय पितळी दिव्याचं मोठं झुंबर, जे तिला पहिल्या दिवसापासून आवडतं आणि जे मी इतकी वर्षं खुन्नस म्हणून उतरवलं नाही. गेले तेरा महिने मी वरच्या मजल्याशी बोलत नाही. या तेरा महिन्यांत तिने एकही दिवस माझं ताट खाली पाठवायचं चुकवलं नाही. एकदा मी तिला विचारलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "भाऊजी, मला ठाऊक असतं तर माझ्या पोटात एक दिवस राहिलं नसतं." हे अगदी खरं आहे. तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणूनच तिला कोणी सांगितलं नसावं.

कलम ६. मोठी दुर्बीण. ही मी आणि धाकट्याने निम्मी निम्मी घेतली होती. माझा निम्मा हिस्सा कोणता, पुढचा की मागचा, हे आमच्यात कधी ठरलं नाही. तो जो असेल तो पुतणीला.

इथे थोडं थांबून लिहितो, कारण हा कागद उद्या परक्या माणसाच्या हातात पडला तर त्याला वाटेल की हे दोघे भाऊ जन्मापासून एकमेकांच्या उरावर बसलेले होते. तसं नव्हतं. धाकटा पाणीपुरवठा खात्यात होता, घरोघर फिरून मीटर वाचायचा. दिवसभर मान खाली घालून जमिनीतले आकडे बघायचे म्हणून की काय, त्याला वर बघायचं वेड लागलं. ग्रह, तारे, चंद्र, सगळ्याचे फोटो. मला जुन्या सिनेमांचं वेड. दोघांनाही अंधार लागायचा. आई म्हणायची, माझ्या घरात बल्ब कधी उडतच नाहीत, कारण ते कधी लागतच नाहीत.

आमच्यात ठरलेलं होतं. रविवारी दुपारी पडदे ओढून तो माझ्याकडे सिनेमा बघायचा आणि चंद्र नसेल त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर गच्चीवर जायचो. ताऱ्यांचा फोटो काढताना कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते. तेव्हा मी सेकंद मोजायचो. ऑपरेटरच्या अंगात घड्याळ असतं. एक रीळ संपून दुसरं सुरू करायची वेळ आली की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, तो सेकंदभर दिसतो आणि तेवढ्यात हात चालवावा लागतो. एकतीस वर्षांत माझा एकही ठिपका चुकला नाही. धाकटा म्हणायचा, दादा मोजत असला की मला घड्याळ बघावं लागत नाही. त्याच्या सर्वात चांगल्या फोटोंना माझं मोजणं लागलेलं आहे. माझ्या सगळ्या कॅसेटींची यादी त्याच्या सुंदर अक्षरात आहे. माझा त्याच्यावर जितका विश्वास होता तितका माझ्या डाव्या हातावरही नव्हता, आणि हे मी रागाने नाही, हिशेबाने लिहितो.

कलम ७. व्हीसीआर दोन, टीव्ही एक, आणि कॅसेटी एकूण चारशे बारा. त्यांतल्या चारशे अकरा पुतणीला. उरलेल्या एका कॅसेटीसाठी पुढचं कलम.

कलम ८. कॅसेट क्रमांक एक. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, नाहीतर कोणीतरी तिला रद्दीत घालेल.

आई एकोणीस वर्षांची असताना तिच्या घराजवळच्या पुलावर एका सिनेमाचं शूटिंग झालं. पूर आला आहे आणि माणसं घरं सोडून चालली आहेत असा प्रसंग होता. आसपासच्या बायकांच्या डोक्यावर गाठोडी देऊन त्यांना पुलावरून चालायला लावलं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. आईने बघितलं. गाठोडं सावरत ती वळली, थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि हसली. घर बुडालेली बाई हसतेय हे कोणाच्या लक्षात आलं नाही, की फिल्म वाया घालवायची नव्हती, देव जाणे. तो तुकडा सिनेमात राहिला. अकरा सेकंद. आईचा लग्नाआधीचा दुसरा एकही फोटो नाही.

सिनेमा आपटला. मी ऑपरेटर झाल्यावर वितरकांच्या ऑफिसात बावीस वर्षं त्याची चौकशी करत राहिलो. शेवटी एक झिजलेली प्रत सकाळच्या खेळासाठी तीन दिवस आमच्या थिएटरात आली. तिसऱ्या दिवशी, खाली सात प्रेक्षक असताना, मी बाल्कनीत भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा लावला आणि पडद्यावरून अख्खा सिनेमा कॅसेटीवर उतरवून घेतला. हे कायद्यात बसत नाही. वकीलबाईंनी हे वाक्य गाळायला सांगितलं होतं. ती प्रत परत गेली आणि त्याच वर्षी भंगारात निघाली, असं वितरकाने स्वतः मला सांगितलं. म्हणजे त्या सिनेमाची एकच प्रत उरली, ती माझ्याकडे.

आईला ती दाखवली तेव्हा ती म्हणाली, "बाई गं, केवढे दात काढतेय मी." आणि परत लाव म्हणाली. त्या दुपारी ते अकरा सेकंद आम्ही नऊ वेळा बघितले. धाकटा मशीनजवळ बसून मागे-पुढे करत होता.

आता चूक सांगतो. ती आमच्याच घरात होऊ शकत होती. गच्चीवरच्या खोलीत एका बाजूला माझ्या कॅसेटी आणि दुसऱ्या बाजूला त्याचं आकाशाचं सामान असायचं. ज्या कॅसेटींना कोणी हात लावायचा नाही त्यांच्यावर मी लाल शाईने नाव लिहायचो. धाकटा गच्चीवर काम करताना लाल काचेची बॅटरी वापरायचा, कारण पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि मग अर्धा तास तारे नीट दिसत नाहीत. लाल उजेडात पांढरा कागद लाल दिसतो आणि लाल शाईसुद्धा लालच दिसते. म्हणजे लिहिलेलं कागदातच बुडून जातं. आम्ही दोघं त्या एका खोलीत वर्षानुवर्षं लाल शाई आणि लाल उजेड घेऊन वावरलो आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चोवीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चंद्रग्रहण होतं. मी थिएटरात होतो. धाकट्याने लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाचा कॅमेरा मागून आणला, माझ्या परवानगीने माझा व्हीसीआर वर नेला, दोन्ही वायरने जोडले आणि फळीवरून चाचपडत एक कोरी कॅसेट काढली. ती कोरी नव्हती.

माझ्या बाजूची एक चूकही लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी शहाणपणा शिकवायला नको. कॅसेटीच्या पाठीवरची प्लॅस्टिकची कळ मोडून टाकली की तिच्यावर दुसरं काही चढत नाही. मी चारशे अकरा कॅसेटींची कळ मोडली आहे. हिची मोडली नाही. दोन तासांचा सिनेमा संपल्यावर अर्धा तास फीत उरली होती, ती वाया जाईल असं वाटलं.

एवढंच झालं असतं तर मी काय केलं असतं? दोन दिवस आरडाओरडा केला असता, चार महिने टोमणे मारले असते. आई तेव्हा हयात होती. आम्ही तिला पुलावर उभी करून हसायला लावलं असतं. पण धाकट्याने मला सांगितलं नाही. त्याने कॅसेट खोक्यात घातली आणि होती तिथे ठेवून दिली.

त्यानंतर पाच वर्षांनी आई गेली. तिसऱ्या दिवशी मी ती कॅसेट काढून मशीनपाशी बसलो. धाकट्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा, आत्ता नको. ही फीत आधीच नऊ वेळा फिरलीय, दर वेळी थोडी झिजते. तुझे हात कापतायत. अडकली तर?" मला ते पटलं. कसं नाही पटणार, झिजलेल्या फिती मी जन्मभर हाताळल्या आहेत. मी कॅसेट परत ठेवली आणि त्याला म्हणालो, बरं झालं तू होतास. हे शब्द मी म्हणालो आहे. तेरा महिन्यांपासून ते माझ्या कानातून जात नाहीत.

पुढे अठरा वर्षं हेच चाललं. मनात आलं की मी विषय काढायचो आणि तो म्हणायचा, सांभाळून ठेव, झिजवू नकोस. मी पाहुण्यांना खोका दाखवायचो आणि आतलं काय आहे ते तोंडाने सांगायचो. एक तास एक्केचाळीसाव्या मिनिटाला गाठोडं, मग वळणं, मग हसणं. धाकटा शेजारी बसून मान डोलवायचा. एकदा तर मी सांगताना अडखळलो, तेव्हा पदर डाव्या खांद्यावर होता याची त्याने मला आठवण करून दिली. इतका निर्ढावलेला माणूस मी सिनेमातही पाहिला नाही.

तेरा महिन्यांपूर्वी कळलं की बाजारात एक बाई जुन्या कॅसेटी एकदाच चालवून संगणकावर उतरवून देते. एकदाच म्हटल्यावर मी धीर केला. धाकट्याला सांगितलं नाही, वाढदिवसाला त्याला दाखवून चकित करायचं होतं. दुकानदारबाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाल्या, "काका, यात सिनेमा नाहीये हो. नुसता चंद्र आहे."

मी त्यांच्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सगळी कॅसेट बघितली. त्या म्हणाल्या पुढे ढकला, मी ढकलली नाही. वाटत होतं, चंद्राखाली कुठेतरी सिनेमा असेल. एक तास एक्केचाळीसावं मिनिट आलं तेव्हा चंद्र पूर्ण काळवंडलेला होता.

दोन तास बारा मिनिटांनी आईचा आवाज आला.

तो मी जसाच्या तसा लिहितो. आई गच्चीवर येऊन म्हणते, ताटं वाढलीत, चला. मग म्हणते, इथे काही दिसत नाही, दिवा लावू का? धाकटा म्हणतो, लाव आता, ग्रहण सुटायला लागलंय. खटका वाजतो. पडद्यावर नुसता चंद्र. मग आई म्हणते, "हा खोका रिकामा कसा? यावर लाल लिहिलंय बघ."  तो विचारतो, "तू कितव्या मिनिटाला होतीस?" आई म्हणते, "मला काय माहीत, त्याला पाठ आहे." मग तो रडतो. मोठ्याने रडतो, लहान असताना रडायचा तसा. आणि आई म्हणते, "गप. त्याला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो जन्मात तुझ्याशी बोलायचा नाही, आणि मला दोन घरांत जेवायला लागेल. माझं चित्रच गेलं ना, मी कुठे गेलेय? मी इथेच आहे की." मग धाकटा म्हणतो, अगं हे चालू आहे अजून. इथे टक् असा आवाज आणि पुढे नुसत्या मुंग्या.

दुकानदारबाई प्रत काढून देऊ का म्हणाल्या. मी नको म्हणून सांगितलं आणि कॅसेट उचलून घरी आलो. त्या वेळी मला तिची प्रत जगात कुठेही नको होती. म्हणजे आजही ती एकच आहे.

मला दोघांनी फसवलं. धाकट्याचं एक वेळ समजतं, तो भित्राच होता. पण आईने दोन मुलांतून एकाला निवडलं आणि दुसऱ्याला गंडवायचं ठरवलं, जेवणाच्या ताटांवरून बोलावं इतक्या सहज. मी तिला औषध पाजत होतो, तिचे पाय चेपत होतो, तिला त्या अकरा सेकंदांबद्दल सांगून हसवत होतो, आणि ती हसत होती. तिला ठाऊक होतं की ते नाहीत. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी करून बघितलं आहे.

आणि अजून एक गोष्ट. ती धाकट्याला क्षमा होणार नाही अशी आहे. आई गेल्यावर तिच्या आवाजाची एकच फीत उरली होती आणि ती माझ्याच फळीवर होती. हे त्याला माहीत होतं. चित्र गेलं ती चूक. आवाज होता आणि तो त्याने मला अठरा वर्षं ऐकू दिला नाही. स्वतःची लबाडी उघडी पडू नये म्हणून माझी आई माझ्याच घरात खोक्यात कोंडून ठेवली.

घरी आल्यावर मी रिकामा खोका त्याच्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर ठेवला. आधी दर रविवारी दुपारी तो कॅमेऱ्याचा स्टँड वरच्या फरशीवर दोनदा आपटायचा, म्हणजे येतोय. त्या दिवसापासून वरून आवाज आलेला नाही.

कलम ९. आता वाटणी. वकीलबाईंनी मला सांगितलं की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही. दिलेलं असलं तरी ते देणं रद्द होतं, बाकीचा कागद चालतो. मी त्यांना हे तीनदा विचारलं. त्यांना वाटलं मी विसरतोय.

म्हणून मी असं लिहितो. कॅसेट क्रमांक एक मी माझ्या धाकट्या भावाला देतो. आणि दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी माझ्या धाकट्या भावासाठी राखून ठेवतो. दोन्ही एकदम होणार नाही.

हा कागद पुतणी शनिवारी संध्याकाळी वर नेऊन त्याच्या हातात देईल. त्याने तो पुरता वाचावा. रविवारी सकाळी दहा वाजता मी पुढच्या खोलीत वायरमनसमोर सही करणार आहे. धाकटा आला नाही तर त्याच्या जागी वकीलबाई सही करतील, आणि माझ्यानंतर कॅसेट त्याची. आईचा आवाज खुशाल त्याने जवळ ठेवावा. त्या आवाजात ती त्याचीच आहे, माझं त्यात काही नाही. पण तो आला आणि त्याने सही केली, तर त्याचा अर्थ असा की वरचं सगळं त्याने वाचलं आणि ते खरं असल्याचं चोवीस वर्षांनी माझ्यासमोर कबूल केलं. मग कॅसेट त्याला मिळणार नाही. ती पुतणीकडे जाईल आणि तिने ती वरच्या मजल्यावर नेऊ नये.

हा सूड आहे का, असं वकीलबाईंनी विचारलं. मी म्हणालो, हो. तो काय करील हेही त्यांनी विचारलं. ते मला सांगता आलं नाही. पूर्वी आलं असतं.

कलम १०. पुतणीस सूचना. ऑपरेशनमध्ये माझं काही झालं तर रडारड फार करू नये. टीव्हीचं बटण दोनदा दाबावं लागतं. धाकट्याला माझ्या खुर्चीवर बसू द्यावं की नाही हे तू ठरव, मी त्यात पडत नाही.

वर लिहिलेलं सर्व माझं आहे, खाडाखोड तीन ठिकाणी असून तिथे मी बाजूला सही केली आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी माझी सही करीत आहे.

लिहून ठेवणार: (सही)
स्थळ: राहतं घर, खालचा मजला, पुढची खोली
दिनांक: नऊ नोव्हेंबर, रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. वीस मिनिटं थांबलो, ती मी मोजली आहेत.

साक्षीदार १. वायरमन. त्यांनी माझ्यासमोर सही केली, हात स्थिर होता. स्क्रू ड्रायव्हर माझाच आहे. (सही)

साक्षीदार २. लिहून ठेवणाऱ्यांचा धाकटा भाऊ. दादाने माझ्यासमोर सही केली आणि मी त्याच्यासमोर करतोय. कॅसेट मला मिळणार नाही हे मला समजलं आहे. हा कागद मी कालपासून चार वेळा वाचला. लिहिलेलं सगळं खरं आहे, पण पुरं नाही, आणि ते तोंडाने सांगायला मला जमणार नाही म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी आई सांगू नकोस म्हणाली. दुसऱ्याच आठवड्यात तिने मला बोलावून सांगितलं, माझं चुकलं, त्याला सांगून टाक. नंतरही ती म्हणत राहिली. मी दर वेळी उद्या सांगतो म्हणायचो. शेवटी एक दिवस तिचा त्रास चुकवायला मी तिला सांगितलं की दादाला सांगितलं. म्हणून ती तुझ्यासमोर हसायची. तिला वाटायचं, तुला माहीत आहे आणि तरीही तू तिला खूश करायला ते अकरा सेकंद सांगतोस. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेलास तेव्हा तिने मला विचारलं, "तो माझ्यावर रागावला होता का रे?" मी म्हणालो, "नाही. तो म्हणाला, आई आहे ना, मग झालं."

(सही)